शेवटच्या कडव्यातलं नाव

मरीमायची आन, पाचही नातवाईची आन, अन् ह्यातलं एक अक्षर जरी खोटं असन तं पुढच्या साली मले आंब्याचा रस चाखाले भेटू नये! हे मी येवढ्या मोठ्यानं काऊन सांगून राह्यली? मांगच्या प्रकरनात मी सांगतलं का आमच्या आजेसासऱ्यानं बैल मेला तवा वाघाले नांगराले जुपलं होतं. तं आमचा भालचंद्र, माह्या लेकाचा लेक, कॉलेजात शिकवते तो, चष्मा पुसत म्हने, "आजी, वाचनारे हसतीन." हसू दे. वाघाचं मी आइकेल होतं. हे तं डोळ्यानं पाह्यलं. नुसतं पाह्यलं नाई, ह्या प्रकरनातली नवरी मीच होती.

तर लगीन लागलं ह्या गोष्टीच्या आदल्या दिवशी सांजच्या पारी, आमच्या पिंपळगाव राजात, आमच्याच घरापुढच्या खळ्यावर मांडव टाकून. वैशाखाचं ऊन असं का मांडवातल्या आंब्याच्या पानाईचा पापड झाला होता. तवा आपला वऱ्हाड इंग्रजानं मध्यप्रांताले बांधेल होता, अन् मले बांधलं उद्धवले. उद्धव मलकापूरच्या अलीकडल्या गावचा, रामरावचा अन् वच्छलाबाईचा एकुलता एक. पोरगा चांगला. गरीब. भेव होतं ते त्याच्या मायचं.

वच्छलाबाई कोन, हे तुमाले सांगा लागन, कारन तुमाले रेडिओचा कान पिळून गानं आइकाची सवय हाय. आमच्या काळात लग्नातली इहिनीची पंगत लग्नापेक्षा मोठी. इहीन म्हंजे नवरदेवाची माय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिले पायघड्याईवरून वाजतगाजत आनाचं, पाटावर बसवाचं, ताट वाढाचं, अन् तिनं घास उचलाच्या आंधी नवरीकडच्या बायाईनं तिच्यावर गानी म्हनाची. गानी म्हंजे शिव्याच, पन सुरात. तिचं नाक, तिची चाल, तिचा चिकटपना. जेवढी झोंबनारी शिवी तेवढा मोठा मान. इहिनीनं पदराआड हसाचं अन् मंग घास घ्याचा. गानं नाई तं घास नाई. अन् इहीन उपाशी उठली तं वरात नवरीले तिथीच ठिऊन जाते.

हे नुसतं बोलाचं नवतं. माही मोठी आत्या अशीच राह्यली. तिच्या लग्नात गानाऱ्या बायाईचे गळे चुलीच्या धुपटानं बसले, इहिनीले वाटलं आपला अपमान केला, उठली ना गेली. आत्याची हळद अंगावरच वाळली. मी जन्माले आली तवा ती आमच्या घरी जात्यावर बसेल होती, अन् माह्या लग्नाच्या दिवशीही जात्यावरच बसेल होती.

तर ही असली गानी वच्छलाबाई बांधे. दुसऱ्याईची म्हनत नसे, सोताची बांधे. पहिलं गानं तिनं जात्यावर बांधलं, बारा वर्साची होती. ते आइकून ती इहीन अशी हसली, अशी हसली का तिची नथ कढीत पडली. नथ अजून सापडली नाई. कढी मात्र तीन गावाईनं पेली. मंग काय, मलकापूरपासून लोनारपर्यंत तिले घ्याले घुंगराच्या दमन्या, म्हंजे बैलाच्या हलक्या गाड्या, येत. लोकं ब्राह्मनाले मुहूर्त पुसाच्या आंधी वच्छलाबाईले पुसत, "बाई, कवा मोकळी हाय?" एकदा मलकापूरच्या टेसनावर एका वरातीसंग ती गाडीची वाट पाहून राह्यली होती. इहीन समोर दिसली, केलं गानं सुरू. नागपूरची मेल आली अन् हालेच ना. गार्ड झेंडी काखेत धरून उभा. गोऱ्या सायबानं डब्यातून डोकसं काढून इचारलं, गाडी काऊन थांबली? टेसनमास्तर म्हने, "साहेब, शेवटचं कडवं राह्यलं."

शेवटचं कडवं म्हंजे तिचा जीव. शाहीर लोकं, कीर्तनवाले आपलं नाव शेवटी घालत. बाईनं घालाची रीत नवती. बायाईची गानी कोनाचीच नसत, वाऱ्यावरची. वच्छलाबाई घाले. तिचं उंटाचं गानं तं लेकराईले पाठ होतं:

इहीन आली मांडवात उंटावर बसून,
उंट म्हने, बाई उतर, पाठ गेली पिसून.
वच्छला म्हने, इहीनबाई, नका मानू राग,
पुढल्या लग्नी धाडू आमी हत्ती मागोमाग.

तर अशी ही बाई, जिनं सगळ्या जिल्ह्याच्या इहिनी सुरात सोलल्या, ती त्या दुपारी सोताच इहीन होऊन आमच्या पाटावर बसली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, अंगानं तुरीच्या काडीवानी. समोर ताट. रस, कुरडया, पुरनपोळी, भजे, साखरभात. अन् माही गीताकाकू, आमच्याकडची गानारीन, पाच-सहा बाया मांगं घेऊन उभी. काकूनं घसा खाकरला अन् सुरू केलं,

"इहीन आली मांडवात उंटावर..."

"थांब वं बाई." वच्छलाबाईनं हात वर केला. "हे गानं कोनाचं?"

काकू लाजली. "तुमचंच जी."

"सुलतानपूरच्या त्या जाड्या पाटलीनीवर बांधेल होतं मी. मी जाडी हाय काय?"

"नाई जी."

"मंग माह्याखाली उंट काऊन मरून राह्यला?"

बाया हसल्या. काकूही हसली. तिले वाटलं हे मानाचंच चालू हाय. तिनं दुसरं काढलं, ताकाचं. 'पाहुन्याईले ताक देते, ताकात नाई पानी, पान्यात पाह्यलं ताक...'

"हे नांदुऱ्याकडच्या एका कंजूस बाईवर हाय. ती मेली बिचारी. अन् ऐक, 'पान्यात' वर आवाज खाली घे. तू वर नेते, तं ताक सांडते ना सगळं."

"असं का जी?" काकूनं पुन्हा म्हनून पाह्यलं, खाली घेऊन.

"हां. आता बरोबर."

"असं व्हय! मी इतके दिवस..."

माही माय, विमलबाई, मांगून दात खात म्हने, "गीता! तू शिव्या देऊन राह्यली का शिकवनी घेऊन राह्यली?"

तिसरं काढलं, चौथं काढलं. सगळी तिचीच. एक म्हातारी म्हने मले माह्या आजीपासचं येते. तिनं तोंड उघडलं अन् तेही वच्छलाबाईचंच निघालं, फक्त शेवटच्या कडव्यातलं नाव म्हातारीनं गिळलं होतं. ते आइकलं अन् वच्छलाबाईचं तोंड उतरलं. तिनं ताट पुढं सरकवलं. फार नाई. चार बोटं.

"सगळ्या वऱ्हाडात माह्याच ओळी!" ती म्हने. "मीच मले शिव्या देऊ काय? नवं बांधा. माह्यावर. एक तरी. मी बसतो इथी."

"पन इहीनबाई, रस आंबून राह्यला," माय म्हने.

"आंबू द्या."

आता खळ्याच्या तोंडाशी माहा बाप, पुंजाजी, उभा होता. त्याले आतलं दिसत नवतं, फक्त बायाईचा आवाज बंद झालेला समजला. त्याच्या बहिनीच्या लग्नातही गानं असंच बंद पडलं होतं. तो रामरावपाशी गेला. दोघंही इवाई कडुनिंबाखाली बाजेवर बसले, तमाखू मळत.

"इवाईबुवा, तुमी समजवा जी. तुमची बाईको हाय."

"माही?" रामरावनं तमाखू झटकली. "पुंजाजीभाऊ, ती माह्यानं समजली असती तं मी इतका म्हातारा दिसलो असतो काय?"

"खामगावहून शाहीर आनू काय? दमनी जुपतो."

"मानूस इहिनीले शिव्या देईन? मंग गानं नाई होनार, फौजदारी होईन."

"पन बाईले एवढा राग कायचा?"

रामरावनं पुन्हा तमाखू मळली. मंग म्हने, "तबकडीचं आइकलं नाई तुमी?"

आइकलं तं सगळ्याईनंच होतं, पन अर्धं. मुंबईहून एक कंपनी आली होती मलकापूरले, गानं तबकडीवर भराले. कापसाच्या जिनातल्या गोदामात रजया टांगून, मधात भोंगा ठेवला. वच्छलाबाई भोंग्यासमोर उभी राह्यली अन् म्हने, "इहीन कुठी हाय? मी काय भोंग्याले शिव्या देऊ?" कंपनीवाल्याईनं लय समजवलं. शेवटी त्याईच्या मुनीमले लुगडं नेसवून, डोक्यावर पदर देऊन पाटावर बसवलं. तवा बाई गायली. असं गायली का भोंग्याले तडा गेला, अन् तो मुनीम रडत घरी गेला, त्यानं नोकरी सोडली. हे खरं हाय, तो तडा मी बोट लावून पाह्यला.

पन रामराव हे सांगत नवता. तो म्हने, "त्याईची तबकडी तीन मिनिटाची. तीन मिनिटं झाली का सायेबानं हात दाखवला, बंद. शेवटचं कडवं राह्यलं. तिचं नाव त्यात आलंच नाई. मंग कागदावर लिवाले त्याईनं मले इचारलं, बाईचं नाव? मी नवरा मानूस. घरचं नाव सांगतलं."

"मंग?"

"घरचं नाव अन्नपूर्णा. आमच्यात नवरीचं नाव मांडवातच बदलते ना. माह्या मायनं ठेवेल होतं. वच्छला तं तिचं माहेरचं." त्यानं तमाखू तोंडात टाकली. "तबकडी आली. वरतं मोठ्या अक्षरात, अन्नपूर्णाबाई. तिनं पाह्यलं, म्हने, ही बाई कोन? चांगली गाते काय? अन् लोनच्याच्या बरनीवर झाकली. आजही तिथीच हाय. वऱ्हाडी येते, लोनचं वाढते, तबकडी उचलते, ठेवते. पंधरा वर्सं झाली पुंजाजीभाऊ, ते लोनचं माह्या गळ्याखाली उतरत नाई."

माहा बाप बाजेवर त्याच्याजवळ सरकला. दोघं म्हातारे तिथीच एक झाले, असा माहा अंदाज. पन तेवढ्यात रामरावचा भाऊ कडूबा आला, धोतराचा सोगा धरून. ह्या कडूबाले कोनाचंच चांगलं पाहवत नसे.

"दादा, हे काय चालू हाय? आपल्या वहिनीले हे लोकं उपाशी बसवून राह्यले! मी गाड्या जुपाले सांगतल्या."

"बे कडूबा, जरा दम धर."

"काय दम धर? घरात पाच-पन्नास बाया, अन् येवढ्याईले एक शिवी येत नाई? मले सांगा, मी देतो!"

"तुह्या शिव्या वेगळ्या असते," रामराव म्हने.

"सूर्य ढळला का आपन निघालो. पोरगी राहू द्या इथी."

हे माह्या बापानं आइकलं. तो उठला ते सरळ सैपाकाच्या चुलीपाशी गेला, माह्या मायकडे. अन् तिथी जे झालं ते मले आतल्या खोलीतून सगळं आइकू येत होतं, कारन मधात नुसतं तट्ट्याचं कूड होतं.

"अवं, एक गानं सुचवा ना कोनी!"

"सुचवा!" माय उलथनं घेऊन फिरली. "भजे तळा म्हना, चारशे मानसाचे तळतो. गानं सुचवा म्हंते! मी काय तुरीत गानी पेरतो? म्या पाह्यलं करून. 'इहीन आली...' इथपर्यंत येते. मंग काय येते? इहीन आली, इहीन आली. आली ना, आता जाये ना!"

"गीता कुठी हाय?"

"तुमची भावजय तिकडे इहिनीच्या पाटापाशी बसली. तिले चाली पुसून राह्यली! म्हने, बाई, ते नथीचं गानं कसं हाय हो. आमच्या पोट्टीचं घर मोडून राह्यलं अन् इले चाल पाह्यजे!"

अन् जात्याची घरघर थांबली. आत्या. ती कधी बोलत नसे. ती म्हने, "विमल, कोनीतरी काई म्हना वं. काईही." बस. अन् जातं पुन्हा सुरू झालं. मायनं उलथनं खाली ठेवलं.

आता पाटावर बसेल वच्छलाबाईच्या मनात काय होतं, ते मले तिनंच सांगतलं, पुढं कितीतरी वर्साईनं, मिरच्या कुटता कुटता. ती म्हने, मले उन्हानं गरगरत होतं, भूक पोटात कावळ्यावानी ओरडून राह्यली होती, अन् रसाचा वास नाकात. पन मी इचार करून राह्यली होती का म्या येवढ्या बायाईले गानी देल्ली. कोनाचं नाक, कोनाचं पोट, कोनाची चाल. त्या बाया मरतीन तरी लोकं म्हनतीन, ही बाई अशी चाले. माह्याबद्दल कोन म्हनन? मी कशी चालतो, कोनाले माईत हाय? मी सगळ्याईले पाह्यलं, मले कोनं पाह्यलं?

उद्धव आला तिच्यापाशी, डोक्यावर बाशिंग तसंच. "माय, जेव ना वं. कडूबाकाका बैल जुपून राह्यला."

"तू गप बस. तुले बाईको पाह्यजे ना?"

"हाव."

"हाव म्हंते पाहा, लाज नाई. अरे, ज्या घरात माह्यावर एक ओळ सुचत नाई, त्या घरची पोरगी माह्या घरी येऊन काय करन? माह्याच ओळी मले वाढन, रोज, थंड्या. चाळीस वर्सं."

"पन आता बाईकोच हाय ना ती, लगीन झालं," तो म्हने.

हे आइकलं मी, अन् मले तो मानूस आवडला. तवापासून. त्याच्या आंधी मी त्याचे फक्त पाय पाह्यले होते.

तर आता मी. आतल्या खोलीत, पितळी घंगाळापाशी बसेल, हळदीच्या लुगड्यात, मुंडावळ्या बांधेल. इहिनीनं घास घेतल्याबिगर नवरीलेही खायाले भेटत नाई, तं माहं पोट पाठीले लागेल. बाहेर बैलाच्या गळ्यातल्या घंट्या वाजाले लागल्या. जुपून राह्यले होते. इकडे जात्याची घरघर. एका कानात घंट्या, एका कानात जातं. मले समजलं का घंट्या गेल्या तं जातं राहीन.

त्या दिवशी सकाळीच माहंही नाव बदललं होतं. रामरावच्या बहिनीनं मांडवात माह्या कानात सांगतलं, तीनदा, "आजपासून तू सरस्वती." मी म्हतलं, हाव. नवरीनं हावच म्हनाचं असते. अन् मी मांडवातून उठली तं माय मले हाक मारे, "मनकर्णा, पानी घे," तं कडूबा लगेच, "सरस्वती म्हना जी. ती आता आमची." दुपारपर्यंत त्यानं चार वेळा टोकलं.

मी उठली. नवरीनं उठाचं नसते. मी दाराशी आली, पदर खाली ओढला, अन् चौकटीले धरून गायाले लागली. नवरीनं गायाचं तं अजिबात नसते. सासूवर तं नाईच नाई. माय धावली, "मनकर्णे! अवं सटवे, गप!" पन माहा आवाज तवा असा होता का मांडवावरचे कावळे उडाले ते तीन दिवस वापस नाई आले. मी म्हतलं:

इहीन बसली पाटावर, रसाले लावे ना बोट,
शिव्या खाऊनच भरते म्हने इचं येवढं पोट.

वच्छलाबाईनं मान वर नाई केली. पन तिचा हात, जो मांडीवर होता, तो ताल धराले लागला. एक बोट.

गावोगावच्या इहिनी इनं गान्यात घातल्या दळून,
आज सोताची पाळी आली, बसली तोंड वळून.

गीताकाकू फिसकन हसली अन् तोंडावर हात ठेवला. रामराव अन् माहा बाप मांडवाच्या तोंडाशी आले. कडूबा त्याईच्या मांगं, हातात बैलाचा कासरा तसाच.

नेता मले घरी तं बाई घ्या इचार करून,
तुमचंच बियानं पडलं इथी, आलं शिवार भरून.

आता वच्छलाबाईनं मान वर केली. ती हसत नवती. तिनं माह्याकडे पाह्यलं, अन् असं पाह्यलं का जसं बाजारात बैल पाह्यते, दात मोजून. "शेवटचं?" ती म्हने. "शेवटचं कडवं कुठी हाय?"

शेवटच्या कडव्यात नाव लागते. मी डोळे मिटले, अन् देवाची आन, गोंधळात, भुकेनं, भेवानं, तोंडात जे सवयीचं होतं तेच चुकून निघून गेलं:

मनकर्णा म्हने, सासूबाई, उचला आता घास,
रसाचा झाला शिरका, अन् बैलाईले उपास.

कडूबानं कासरा आपटला.

"मनकर्णा? कोन मनकर्णा? सकाळी नाव बदललं ना! चार वेळा सांगतलं! आमच्या मांडवात... तुमच्या मांडवात... दादा, ही पोरगी आपल्या घरचं नाव तोंडात घेत नाई! चला, बस झालं!"

"चुकली जी ती," माय रडाले लागली. "भुकेली हाय पोट्टी, चुकली. सरस्वती म्हन बाई, सरस्वती म्हन, म्हन ना वं!"

गीताकाकूही म्हने, "हाव, 'सरस्वती म्हने' बी बसते त्या चालीत, फक्त एक अक्षर..."

"गीताबाई," वच्छलाबाई म्हने, "तू बस."

काकू बसली.

"कडूबाभाऊजी, तुमीबी बसा."

कडूबा बसला. तो सोताच्या बापाच्या म्हनन्यानं बसला नवता कधी.

मंग वच्छलाबाईनं नवऱ्याकडे पाह्यलं. रामराव खांबाले धरून उभा होता. त्याचं तोंड असं झालं होतं का लोनच्याची बरनी त्याच्या समोर ठेवेल हाय. तो बोलला, हळू, सगळ्याईसमोर. "राहू दे जे हाय ते. पोरीनं बांधलं, पोरीचं नाव."

"तुमाले कोनं इचारलं?" ती म्हने. पन आवाज पहिल्यासारखा नवता. मंग माह्याकडे वळली.

"कोन म्हने?"

मी पदर अजून खाली ओढला.

"अवं पोट्टी, कोन म्हने? मले कमी आइकू येते. शेवटचं कडवं पुन्हा म्हन. अन् नाव खाली नको घेऊ, वर घे. तिथी आवाज वरच पाह्यजे."

मी म्हतलं. वर घेऊन म्हतलं. माह्या मांगं जातं थांबलं होतं. अन् आत्यानं, जिनं जन्मात लग्नाचं गानं म्हतलं नवतं, तिनं माह्या मांगून दुसरी ओळ धरली. मंग काकूनं. मंग सगळ्या बायाईनं.

वच्छलाबाईनं कुरडई मोडली, रसात बुडवली, अन् खाल्ली. तोंड असं वाकडं केलं. "खरंच शिरका झाला वं," ती म्हने, अन् पुरं ताट खाल्लं. मंग दुसरं मांगतलं. मंग तिसरं. सहा पुरनपोळ्या, अर्धी परात भजे, अन् माहा बाप बाजूले उभा राहून हातानं पंखा घालत रडून राह्यला होता, का हसून राह्यला होता, त्यालेही समजत नवतं. कडूबानं बैल सोडले, चारा घातला अन् म्हने, "मी आंधीच म्हतलं होतं, दम धरा."

सांजच्याले आमी निघालो. दमनीत ती माह्या बाजूले बसली, घुंगरं वाजत होती. पिंपळगाव मांगं पडलं तवा ती म्हने, "तिसरं कडवं बांधलं कसं तू? बियान्याचं?"

"माईत नाई जी. आलं."

"आलं, म्हंते. मले अस्सं उचकून लावते ती ओळ. माह्याच मनात काऊन नाई आली?" अन् अख्ख्या रस्त्यानं तोंड वाकडं करून बसली. अशी बाई. तिले चांगलं झालेलंही खपत नसे.

त्या घरात मले सगळे सरस्वती म्हनत. मामंजी, कडूबाकाका, चुलत देर-जावा, गाव. उद्धवही चारचौघात सरस्वतीच म्हने. ती एकटी मनकर्णा म्हने. रागानं म्हने, भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हने, पन मनकर्णाच म्हने. अन् मरायच्या आंधीच्या पंगतीपर्यंत आमी दोघी जिथी गेलो तिथी एक गानं तिचं, एक माहं. शेवटच्या कडव्यावरून भांडन ठरलेलं. ती तबकडी अजून आमच्या घरी हाय, लोनच्याच्या बरनीवर. वरतं खडूनं कोनीतरी 'वच्छला' लिवलं हाय. रामरावचं अक्षर हाय. तो शाळेत दुसरीपर्यंतच होता.

हे झालं. आता भालचंद्र वाचन अन् म्हनन, आजी, मेल थांबली नसन. थांबली, लेका. नथ कढीत पडली, हेही खरं. मुनीम रडला, भोंग्याले तडा गेला, कावळे तीन दिवस आले नाई. सगळं खरं, माही आन तशीच हाय.

एकच गोष्ट म्या जोडली. नाव काई चुकून नवतं निघालं. घंगाळापाशी बसून म्या पहिले शेवटचंच कडवं बांधलं होतं. बाकीची तीन मांगून जुळवली.